इनटेक नवं बसवलं, कार्बोरेटर जुना गेला

आमच्या घरी १९९३ची यामाहा आरएक्स १०० आहे. अण्णांनी घेतलेली. रंग एकदाच मारलाय, इंजिनाला कुणी हात लावलेला नाही. म्हणजे गेल्या डिसेंबरपर्यंत नव्हता. गॅरेजवाल्याचं नाव लिहीत नाही, कारण तक्रार चालू आहे. पण नाशकात ज्याच्या दारात आरएक्स उभी आहे त्याने हे वाचावं. आपण नक्की कुठे गंडलो हे मलाच दोन महिने कळलं नव्हतं.

गॅरेज अंबडच्या बाजूला, नवंकोरं. मोबाईलवर त्याच्या कामाचे व्हिडिओ बघून गेलो होतो. पोरगा बोलायला अतिशय गोड. गाडीभोवती दोन चकरा मारल्या, सीट उचलली, एअर फिल्टरच्या डब्यावर बोट ठेवलं आणि म्हणाला, "दादा, गाडीचं नाक चोंदलंय." मग फोन काढून स्नोमोबाईलचा व्हिडिओ दाखवला. पुढे दोन स्की, मागे पट्टा, बर्फ उडवत सुटलेलं ते यंत्र. कुणीतरी घरच्या घरी तिचं इनटेक, म्हणजे इंजिनात हवा नेणारा डबा आणि नळी, बनवलं होतं. "हीपण टू-स्ट्रोक, आपलीपण टू-स्ट्रोक. सेम लॉजिक."

लॉजिक खरंच तेच आहे. म्हणूनच मी फसलो.

त्याने काय काय कबूल केलं ते सांगतो. अॅल्युमिनिअमच्या पत्र्याचा टिग वेल्डिंग केलेला डबा, तसलीच नळी, धुऊन परत वापरता येणारा इंपोर्टेड कॉटन फिल्टर, आणि त्यानुसार कार्बोरेटरचं, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भागाचं, ट्यूनिंग. एकूण १४,५०० रुपये. ८,००० आधी रोख, बाकीचे गाडी नेताना. बिल मागितलं तर म्हणाला, "बिल पाहिजे तर १८ टक्के वर लागतील दादा, कशाला?" मीही म्हटलं, कशाला. त्या १८ टक्क्यांत माझा पुरावा गेला.

गाडी नऊ दिवस तिथे होती. हे नऊ दिवस लक्षात ठेवा.

परत मिळाली तेव्हा दिसायला झकास. काळा खरखरीत मॅट रंग. मी हात लावायला गेलो तर घाईघाईने म्हणाला, "पावडर कोटिंग आहे दादा, नख नका लावू, आठवडाभर सेट व्हायला लागतं." आणि आवाज! रेस केली की घूंऽऽ करून खोल हवा ओढल्याचा. मला वाटलं, घोडे वाढले. संध्याकाळी अण्णांनी कॉलनीत एक चक्कर मारली, स्टँडवर लावली आणि म्हणाले, "आवाज वाढलाय रे. पिकअप कुठंय?" म्हातारा माणूस, त्याला काय कळतंय, असं मनात म्हटलं. ज्याने ती गाडी तीस वर्षं चालवली त्याच्याबद्दल!

जानेवारीतला रविवार. निफाडचा पारा उतरला की नाशकातही हाडं वाजतात, तशी सकाळ. इगतपुरीला निघालो होतो. पाथर्डी फाटा, विल्होळी मागे पडलं, रस्ता मोकळा म्हणून वाडीवऱ्हेच्या पुढे अॅक्सिलरेटर पूर्ण पिळला. दोन-तीन मिनिटं गाडी मस्त पळाली. मग आवाज जरा बारीक झाला, कोरडा झाला, आणि मागचं चाक जागेवर जाम. क्लच दाबला गेला तो निव्वळ सवयीने. नाहीतर मागून येणाऱ्या कंटेनरने पुढचं लिहायला ठेवलं नसतं. पिस्टन धरला होता.

छोटा हत्ती करून गाडी देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या मिस्त्रीकाकांकडे नेली. त्यांनी आधी प्लग काढून माझ्या हातात दिला. "रंग बघ." टोक खडूसारखं पांढरं. नीट चालणाऱ्या इंजिनात ते बिस्किटासारखं तपकिरी असतं. पांढरं म्हणजे हवा जास्त, पेट्रोल कमी. टू-स्ट्रोकमध्ये आत जाणारं पेट्रोल पिस्टन थंडही ठेवतं, त्यामुळे ते कमी पडलं की पिस्टन तापून फुगतो आणि सिलिंडरला धरतो. आमच्या पिस्टनवर एक्झॉस्टच्या बाजूला उभे ओरखडे होते, बोट फिरवलं तर लागत होते.

मग स्नोमोबाईलवाल्याचं काय? काकांच्या गॅरेजात बाकड्यावर बसून ते डोक्यात आलं आणि पुढे चार दिवस त्याचाच नाद घेतला. हवा थंड तेवढी दाट. उणे २० अंशांची हवा आपल्या ३५ अंशांच्या हवेपेक्षा वीसेक टक्के दाट असते, म्हणून ते लोक इनटेक मोकळं केलं की मेन जेटही, म्हणजे कार्बोरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, मोठा टाकतात. हा त्यांच्या कामाचा अर्धा भाग, आणि नेमका तोच माझ्या गाडीत झाला नव्हता. जेट जुन्याच नंबरचा. पुण्याला निघालो असतो दुपारच्या उन्हात तर कदाचित निभावलं असतं. जानेवारीच्या पहाटे आठ-नऊ अंशांत, पूर्ण अॅक्सिलरेटरवर, नाही निभावलं. दुसरं म्हणजे बर्फावर धूळ नसते. त्यामुळे कित्येक स्नोमोबाईलना आपल्यासारखा फिल्टरच नसतो, बर्फ आत जाऊ नये म्हणून नुसती जाळी असते. आपल्याकडे उन्हाळ्यात सिन्नरला जाऊन आलात तर भुवया पांढऱ्या होतात. कंपनीने जो डबा दिलाय तो नाक चोंदवायला दिलेला नाही. धूळ आणि पाणी अडवतो, आणि इंजिनाला आतली शांत हवा देतो, म्हणून पेट्रोलचं माप बिघडत नाही.

काकांनी खिशातलं लोहचुंबक त्या 'अॅल्युमिनिअम'च्या डब्याला लावलं. टक्क करून चिकटलं. तेलाच्या डब्याचा पत्रा, सांधे एम-सीलने भरलेले, वर रंग. नळीवर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडलं तर खाली करडी पीव्हीसी, बाथरूमच्या लायनीला वापरतात ती, आणि तिच्यावर छापलेली आयएसआयची खूण. म्हणजे सगळ्या कामात अस्सल वस्तू ती एकच. इंपोर्टेड फिल्टर म्हणजे कुठल्याही स्पेअरच्या दुकानात दोन-अडीचशेला मिळणारा स्पंज.

इथवर मला वाटत होतं की आपण १४,५०० रुपयांना गंडलो. मूर्खपणा झाला, सोडून द्यावं.

काका मात्र कार्बोरेटर हातात घेऊन उजेडात फिरवत होते. म्हणाले, "हा कुणी टाकला?" म्हटलं, कुणी नाही, गाडीचाच आहे. त्यांनी तो माझ्यापुढे धरला. आरएक्सला मिकुनीचा कार्बोरेटर येतो, अंगावर नाव उठावात असतं. याच्यावर नाव होतं त्या जागी नुसती गुळगुळीत घासलेली पट्टी. ओतकामाची कड तशीच खडबडीत, आतला स्लाइड ढिला, हलवला की खडखडणारा. "लोकल कॉपी आहे ही. तुझ्या वडिलांच्या गाडीचा कार्बोरेटर मी तीनदा साफ केलाय, मला माहीत आहे कसा होता."

तेव्हा ते नऊ दिवस आठवले.

१९९६ला ही गाडी बंद झाली. हल्ली अस्सल पार्टला लोक मागाल तो भाव देतात. त्याला इनटेक बनवायचंच नव्हतं. इनटेक हे गाडी नऊ दिवस ताब्यात ठेवायचं निमित्त होतं. मूळ एअर बॉक्स, म्हणजे एअर फिल्टरचा डबा, "भंगारात गेला दादा, फुटकाच होता". फुटका नव्हता. कार्बोरेटर बदलला. सायलेन्सरच्या आतली नळीही आमची नाही असं काकांचं म्हणणं आहे, पण ते मी सिद्ध करू शकत नाही. गॅरेजात जाऊन विचारलं तर आधी "दादा बसा, चहा घ्या", मग "तुमच्या मिस्त्रीनेच बदलला असेल", आणि मी आवाज चढवल्यावर, "तुम्ही मॉडिफिकेशन करून घेतलंय, जा ना आरटीओला, तुम्हालाच दंड पडेल." ही धमकी अगदीच पोकळ नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ने मूळ गाडीत मनाने बदल करायला मनाई आहे, आणि अशी कामं करणाऱ्यांना माहीत असतं की गिऱ्हाईक त्या भीतीने गप्प बसेल.

मी गप्प बसलो नाही, पण माझी बाजू लंगडी आहे. ८,००० रोख दिले त्याचा कागद नाही. ६,५०० यूपीआयने गेले, ती नोंद आहे. व्हॉट्सअॅपवर त्याने "अॅल्युमिनिअम टिग वेल्डिंग" असं लिहून पाठवलेलं आहे, ते फार कामाला आलं. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, पुढे जिल्हा ग्राहक आयोगात जायची तयारी चालू आहे. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी नाही आणि दोन वर्षांच्या आत अर्ज करता येतो. पण कार्बोरेटर माझाच होता हे दाखवायला माझ्याकडे एकही फोटो नाही. गाडीसोबत काढलेले सेल्फी पन्नास आहेत, कार्बोरेटरचा एकही नाही. आता गाडी कुठेही सोडायची तर आधी कार्बोरेटर, मॅग्नेटो कव्हर, सायलेन्सर यांच्या शिक्क्यांचे जवळून फोटो काढतो, आतल्या बाजूला नेलपॉलिशचा ठिपका देतो आणि जुना पार्ट पिशवीत घालून परत मागतो, अगदी फुटका असला तरी.

बोअरिंग, पाव मिलिमीटर ओव्हरसाइज पिस्टन, रिंगा आणि मजुरी मिळून ६,२०० गेले. एअर बॉक्स काकांच्या माळ्यावर एक निघाला, झाकणाला तडा आहे पण चालतो. कार्बोरेटर तीन महिन्यांनी मालेगावहून मिळाला. स्लाइड थोडा घासलेला आहे, पण अंगावर नाव मिकुनीचं आहे. रविवारी बसवायचाय. अण्णा म्हणाले, मीपण येतो.