समुद्रासमोरच्या घरात अठरा महिने: स्पेनमधील अनुभव

कामानिमित्त स्पेनमध्ये स्थायिक झालेल्या आम्ही उभयतांनी मार्च २०२४ मध्ये अलिकांते प्रांताच्या किनाऱ्यावर ६८ चौरस मीटरची, तिसऱ्या मजल्यावरील सदनिका १,८०,००० युरोला विकत घेतली. इमारत १९७४ सालची असून ती समुद्राला लागून, म्हणजे येथील भाषेत 'प्रिमेरा लिनेआ'त, पहिल्या रांगेत आहे. अठरा महिने राहून झाल्यावर एवढे कळले आहे की घर पाहायला गेलो तेव्हा आम्ही खिडकीतून बाहेर पाहत राहिलो आणि इमारतीकडे पाहायचे राहून गेले. पुढे जे काही सोसावे लागले, त्यातले बहुतेक या एका चुकीपोटी आले.

खरेदीची प्रक्रिया भीती वाटली होती त्यापेक्षा सरळ निघाली. परदेशी व्यक्तीला लागणारा एनआयई क्रमांक आमच्याकडे होताच. घर घेतल्याने निवासाचा परवाना मिळेल, ही समजूत अजूनही काही जणांत आढळते. पाच लाख युरोंच्या मालमत्तेवर परवाना देणारी २०१३ सालची योजना ३ एप्रिल २०२५ पासून बंद झालेली आहे. नोंदणी कार्यालयातून 'नोता सिंप्ले' हा उतारा दहा-एक युरोंत मिळतो आणि घरावर कर्जाचा बोजा आहे का, ते त्यात दिसते. त्यानंतर 'आर्रास' म्हणजे विसार. आम्ही दहा टक्के दिला. नेहमीच्या विसारकरारात खरेदीदाराने माघार घेतली तर विसार बुडतो आणि विक्रेत्याने घेतली तर त्याला दुप्पट परत करावा लागतो. जुन्या घरावरचा हस्तांतरण कर आमच्या खरेदीच्या वेळी अलिकांते ज्यात येते त्या व्हॅलेन्सिया स्वायत्त प्रदेशात दहा टक्के होता, म्हणजे १८,००० युरो, आणि नोटरी, नोंदणी व वकील मिळून आणखी सुमारे पाच हजार. २०२२ पासून हा कर प्रत्यक्ष किंमत आणि सरकारी संदर्भमूल्य यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागतो, म्हणून स्वस्तात घर मिळाल्याचा आनंद मानण्यापूर्वी ते मूल्य पाहून घ्यावे.

खरा धडा मिळाला तो 'कोमुनिदाद'कडून. आपल्याकडे जिला सोसायटी म्हणतात तशीच ही मालकांची संस्था असते, आणि तिची थकबाकी माणसामागे न जाता घरामागे येते: चालू वर्षाची आणि त्याआधीच्या तीन वर्षांची बाकी नव्या मालकाच्या घरातून वसूल होऊ शकते. म्हणूनच विक्रेत्याने थकबाकी नसल्याचा दाखला नोटरीसमोर द्यायचा असतो. आमच्या विक्रेत्याने तो दिला, आणि तो खराही होता. मात्र दर्शनी भागाच्या दुरुस्तीसाठी मंजूर झालेली 'देर्रामा', म्हणजे विशेष वर्गणी, चोवीस हप्त्यांत भरायची होती आणि त्यांतले पंधरा हप्ते अजून देय झालेलेच नव्हते. जे देय झाले नाही ते थकबाकीत दिसत नाही. आणि हप्ता ज्या दिवशी देय होतो त्या दिवशी जो मालक असेल, त्याने तो भरायचा. अशा रीतीने दुसऱ्यांनी हात वर करून मंजूर केलेले सुमारे चार हजार युरो आम्ही भरले. आमच्या वकिलाने दाखला तपासला, पण बैठकांची इतिवृत्ते मागवली नाहीत. तीन वर्षांची इतिवृत्ते वाचायला एक संध्याकाळ पुरते, आणि 'खरेदीखतापूर्वी मंजूर झालेली प्रत्येक देर्रामा विक्रेत्याची' हे एक वाक्य विसारकरारात घालता येते. आम्ही यांपैकी काहीच केले नाही.

ही वर्गणी का लागली, याचे उत्तर बाल्कनीच्या खालच्या बाजूला लिहिलेले होते, आम्ही मान वर करून पाहिले नाही इतकेच. खाऱ्या हवेतील क्लोराइड वर्षानुवर्षे काँक्रीटमध्ये झिरपत जाते आणि आतल्या सळया गंजतात; गंज लोखंडापेक्षा अधिक जागा घेत असल्यामुळे काँक्रीट फुगून त्याचे पापुद्रे सुटतात. घरातील वस्तूंचेही तेच. वातानुकूलन यंत्राच्या बाहेरच्या भागातील पत्रे दुसऱ्याच उन्हाळ्यात भुरभुरू लागले, साध्या स्टेनलेस स्टीलच्या बिजागऱ्यांवर तांबूस डाग आले (खाऱ्या हवेत अधिक टिकणारे ३१६ प्रतीचेच घ्यावे, हे नंतर समजले), आणि खिडकीवर खाली सरकणाऱ्या पडद्यांच्या खाचा मिठाने भरून ते अर्ध्यावर अडकू लागले. आता दर पंधरवड्याला काचा, रुळ आणि कठडा गोड्या पाण्याने धुणे हे आमचे नियमित काम झाले आहे. घर घेताना हिशेबात वार्षिक देखभालीचा खर्च धरला नव्हता, तो धरायला हवा होता.

हिवाळ्याबद्दल कोणी फारसे बोलत नाही. बाहेर ऊन असते, पण ही घरे उन्हाळ्यासाठी बांधलेली आहेत: फरशी थंड, भिंतींना उष्णतारोधक थर नाही, आणि पूर्वेकडून दमट 'लेवांते' वारा सुटला की कपाटातील चामड्यावर बुरशी धरते. आर्द्रता शोषणारे यंत्र पहिल्याच डिसेंबरात घ्यावे लागले. विजेची करारातील क्षमता ३.४५ किलोवॅट एवढीच असल्याने ओव्हन आणि हीटर एकत्र लावले की अंधार होत असे. ती वाढवून घेतली. उलट ऑगस्टमध्ये गावाची लोकसंख्या कितीतरी पटींनी फुगते आणि गाडी उभी करायला जागा मिळणे हा नशिबाचा भाग उरतो.

बाल्कनी काचेने बंद करण्याचा विचार आम्ही सोडून दिला. दर्शनी भाग सामाईक असल्याने सोसायटीची संमती लागते, शिवाय नगरपालिकेची परवानगी लागते. आणि १९८८ च्या किनारा कायद्यानुसार संरक्षित पट्टा किनाऱ्यापासून साधारण १०० मीटर, तर तेव्हा आधीच नागरी असलेल्या भागात २० मीटर असतो. आमची इमारत त्या वीस मीटरांत येते, त्यामुळे तिसरी परवानगीही आली. विम्याबाबतीत मात्र व्यवस्था चांगली वाटली. सामान्य गृहविम्याच्या हप्त्यातच एक अधिभार असतो आणि त्यावर 'कोन्सोर्सिओ' ही सार्वजनिक संस्था पूर किंवा समुद्राच्या लाटांनी झालेल्या असाधारण नुकसानीची भरपाई देते. आम्हाला तिची गरज पडलेली नाही, पण २९ ऑक्टोबर २०२४ च्या अतिवृष्टीनंतर व्हॅलेन्सियाजवळच्या ओळखीच्या लोकांना तिचा उपयोग झाला.

पहाटे सूर्य थेट पाण्यातून वर येताना दिसतो, फेब्रुवारीतही दुपारी बाल्कनीत सदऱ्यावर बसता येते, आणि चालत दोन मिनिटांत पोहायला जाता येते. या गोष्टींचे आम्हाला अजून अप्रूप आहे. तरी आज पुन्हा घ्यायचे झाल्यास आम्ही दुसऱ्या किंवा तिसऱ्या रांगेतील, अलीकडच्या बांधकामाची सदनिका घेऊ. समुद्र तेथूनही चार मिनिटांवरच राहतो.

इमारतीला पन्नास वर्षे पूर्ण झाल्यामुळे आता तिच्या स्थितीचा सक्तीचा मूल्यांकन अहवाल तयार झाला आहे आणि त्यात मागच्या बाजूच्या बाल्कन्यांचे कामही सांगितले आहे. सोसायटीचे अध्यक्षपद येथे पाळीने येते आणि ते नाकारायचे असेल तर महिन्याभरात न्यायाधीशाकडे अर्ज करावा लागतो. येत्या जानेवारीत पाळी आमच्या सदनिकेची आहे, त्यामुळे नव्या देर्रामाचे अंदाजपत्रक बैठकीत मांडण्याचे काम माझ्याकडे आले आहे. सध्या मी रोज रात्री जुनी इतिवृत्ते वाचतो आहे.