क्वचित लागणारी कमांड कुठे ठेवावी: मेनू, रिबन की सर्च?

वर्षातून दोनदा लागणारी कमांड आत दडवली की सापडत नाही, समोर ठेवली की रोज मध्ये मध्ये येते. गुंतागुंतीच्या सॉफ्टवेअरची मांडणी ठरवताना पर्याय चार. त्यातला एक आधीच बाद करा: वापर बघून आपोआप आखडणारा मेनू. मायक्रोसॉफ्ट ऑफिस २००० मध्ये तो होता. न वापरलेल्या कमांड गायब आणि तळाशी दुहेरी बाण. जागा सारख्या बदलायच्या, आणि हवी ती कमांड नेमकी लपलेली. २००७ च्या रिबनबरोबर, म्हणजे वरच्या टॅबवाल्या बटणांच्या पट्टीबरोबर, वर्ड-एक्सेलमधून तो गेला.

कमांडचं नाव माहीत नसलेल्यांसाठी रिबन चांगली. टेबलात कर्सर नेला की टेबलाचे टॅब उगवतात. पण खिडकी लहान झाली की गट आक्रसतात आणि कमांड बारक्या बाणांमागे जातात. साधा मेनू दिसायला जुनाट, तरी जागा न बदलणारा. शिवाय शॉर्टकट शेजारीच लिहिलेला.

खरी चुरस मेनू आणि सर्चमध्ये आहे. हिशेबाच्या टॅलीप्राइममधलं ‘गो टू’ हे सर्च बघा. व्हाउचर अर्धवट असताना ऑल्ट-जी दाबायचं, ट्रायल बॅलन्सची पहिली अक्षरं टाकायची, रिपोर्ट बघून परत व्हाउचरवर. त्याआधीच्या टॅली ईआरपी ९ मध्ये नेहमीची वाट म्हणजे गेटवे, डिस्प्ले, मग रिपोर्ट. सरावलेल्या अकाउंटंटला यात सर्चच आवडणार.

नवख्याची गत वेगळी. थ्रीडी चित्रांच्या ब्लेंडरमध्ये एफ३ ने सर्च उघडतो, पण एडिट मोडची (वस्तूचा आकार घडवतानाची) कमांड ऑब्जेक्ट मोडमध्ये (अख्खी वस्तू हाताळताना) शोधली तर बहुधा यादीतच येत नाही. माणूस समजतो, ही सोयच नाही. फोटो सुधारायच्या जिंपमध्ये ‘सध्या न चालणाऱ्या कमांडही दाखवा’ अशी सेटिंग आहे. माझ्या मते ती मुळातच चालू हवी. मॅकचा हेल्प मेनू तर २००७ पासून, शोधलेली कमांड मेनूत जिथे आहे तिथे बाण नेऊन दाखवतो. लिबरऑफिस ७.२ पासून शिफ्ट-एस्केपने उघडणारा सर्चही मेनूतली वाट लिहून देतो. पुढच्या वेळी सर्च लागलाच नाही तरी चालतं.

म्हणून टीम लहान असेल तर रिबनच्या फंदात पडू नका. मेनू नीट लावा आणि त्याच यादीवर सर्च बसवा. कमांडची नावं तयारच असतात. वेळ द्या तो पर्यायी शब्दांना. लोक ‘आडवं पान’ टाकतात, तुमच्याकडे ‘ओरिएंटेशन’ असतं. इंटरफेस मराठी असेल तर रोमन अक्षरांत टाकलेलंही जुळलं पाहिजे, कारण दर वेळी कीबोर्ड बदलून कुणी शोधत बसत नाही.