पहिली सकाळ कुठं घालवायची? कवडी पाट, वेताळ टेकडी की पाषाण तलाव

दिवाळीत दाजींनी दुर्बीण घेतली. खोक्यातून काढली, गॅलरीतून समोरच्या इमारतीच्या टाकीवरचं कबुतर पाहिलं आणि संध्याकाळी मला फोन केला, "थेट भिगवणलाच जाऊन येऊ का? रोहित बघू." भिगवण म्हणजे उजनी धरणाकाठचं पाणपक्ष्यांचं ठिकाण, आणि रोहित म्हणजे फ्लेमिंगो.

दाजी कोथरूडला राहतात. वय ५४, चालायची सवय आहे. ओळखू येणारे पक्षी सात-आठ: कावळा, चिमणी, घार, पोपट, साळुंकी, भारद्वाज वगैरे. कुणाच्या गटात जायचं नाही, आपल्या वेळेनं निघायचं, आपल्या वेळेनं परतायचं, हा आग्रह. पुण्यात अशी दुर्बीण घेतलेली बरीच मंडळी असतील, म्हणून त्यांना जे सांगितलं ते जरा सविस्तर लिहितो.

सगळे विचारतात, पक्षी जास्त कुठं दिसतात? बरोबर सांगणारं कुणी नसेल तर मी आधी दुसरं विचारीन: पक्षी किती वेळ दिसतो? झाडीतला सुभग पक्षी पानाआडून दीड सेकंद डोकावतो. तेवढ्यात दुर्बीण डोळ्याला लावायची, तो सापडायचा, पोट पिवळं होतं का पंखावर पट्टे होते हे बघायचं, आणि मग पुस्तक उघडायचं. नवख्याला हे जमत नाही. मग 'आपल्याला काही दिसतच नाही' असं वाटून दुर्बीण कपाटात जाते. पाण्यावरचं बदक मात्र पाऊण तास तिथंच असतं. तुम्ही पुस्तकाची दहा पानं उलटा, चहा प्या, परत बघा, ते आहे तिथंच.

कवडी पाट

हडपसर सोडून सोलापूर रस्त्यानं लोणी काळभोरकडे निघालं की जुन्या टोलनाक्याच्या आसपास डावीकडे नदीकडे रस्ता जातो. शहराच्या मध्यापासून साधारण २० किलोमीटर. मुळा-मुठेवर इथं जुना बंधारा आहे. त्याच्या वरच्या अंगाला पाणी पसरून राहतं, खाली खडक उघडे पडतात. त्यामुळे खोल पाणी, उथळ पाणी, चिखल आणि खडक हे सगळं एका नजरेत येतं, आणि पोहणारे, चालणारे, बुडी मारणारे असे सगळ्या तऱ्हांचे पक्षी थोडक्या जागेत दिसतात.

वासाचं आधीच सांगून ठेवतो. अख्ख्या पुण्याचं सांडपाणी घेऊन ही नदी इथवर येते. थंडीत बंधाऱ्याखाली साबणासारखा फेस तरंगत असतो, काठच्या बाभळींना पुरात अडकलेल्या प्लास्टिकच्या चिंध्या लोंबत असतात. पहिल्यांदा आलेला माणूस नाक दाबून माघारी वळतो, तसं मीही वळलो होतो. पण या घाणीतच किडे आणि अळ्या पोसतात आणि त्यांच्यामागे शेकाटे येतात. काळे-पांढरे, लाल काड्यांसारख्या लांबलचक पायांचे, पाण्यात तोलून तोलून पाऊल टाकणारे. शेकाट्यांची गर्दी बघून कुणी 'नदी सुधारली' म्हणायला लागलं तर त्याला बंधाऱ्याच्या खालच्या बाजूला दोन मिनिटं उभं करा.

थंडीतला मानाचा पाहुणा म्हणजे चक्रवाक. नारिंगी अंगाचा, फिक्या डोक्याचा, लडाख-तिबेटकडून येणारा, बहुधा जोडीनं. जुन्या काव्यांत रात्री ताटातूट होणारी चक्रवाकाची जोडी असते. इथं मात्र दोघं फेसाच्या कडेला खुशाल उन्हं खात बसलेली दिसतात. त्याशिवाय थापट्या, पळीसारख्या चोचीनं पाणी गाळत फिरणारा, तलवार बदक, टोकदार शेपटीचं, नदी सुरय, राखी बगळा, आणि हवेत एका जागी फडफडत थांबून दगडासारखा खाली कोसळणारा कवड्या खंड्या.

डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी दाजी एकटेच गेले. पावणेआठला फोन आला. "एक बदक आहे. अंगावर खवले-खवले. चोच काळी, टोकाला पिवळी, आणि मुळाशी दोन तांबडे ठिपके. कुणीतरी हळदीकुंकू लावून सोडल्यासारखं." मी म्हटलं, दाजी, त्याचं नावच हळदीकुंकू बदक आहे. पलीकडे थोडा वेळ नुसता पाण्याचा आवाज. मग हसले. कवडी पाटावर हे घडतं, कारण चोचीच्या मुळाशी असलेला ठिपका दिसेपर्यंत पक्षी तिथंच असतो.

सूर्य उगवायच्या सुमारास पोचा. पुण्याच्या दिशेला तोंड करून पाहिलं तर ऊन पाठीवर राहतं आणि रंग खरे दिसतात. उलट बघितलंत तर प्रत्येक पक्षी काळा. नऊनंतर पाण्यावर चकाकी येते, फोटोवाल्यांच्या गाड्याही वाढतात. बूट बंद घाला, शेवाळलेल्या दगडांवर हिंडू नका, आणि प्रातर्विधी घरूनच उरकून निघा. हंगाम नोव्हेंबर ते मार्च. मे महिन्यात गेलात आणि बदकं नाहीत म्हणून मला नावं ठेवलीत, तर तो माझा दोष नाही.

वेताळ टेकडी

दाजींचा सरळ मुद्दा: टेकडी घराजवळ आहे, पौड रस्त्याकडून चढलो की वर, मग हडपसरच्या पलीकडे कशाला धडपडायचं? मुद्दा बिनतोड आहे. कवडी पाटाला महिन्यातून चार रविवार मिळतात, टेकडीला वीस सकाळी. एकच जागा रोज बघितली की काल नव्हतं आणि आज आहे, हे आपोआप कळायला लागतं. सप्टेंबरात एका सकाळी पायवाटेवर शेपूट वरखाली हलवत धोबी चालताना दिसला की समजायचं, उत्तरेकडची पाखरं निघाली.

इथं दिसतं काय? गवतात आणि बोरी-बाभळींत वटवटे, शिंपी, सातभाईंची भांडणारी टोळी, तारेवर वेडा राघू, झुडपाच्या शेंड्यावर गप्पीदास, आभाळात एका जागी पंख मारत थांबलेली कापशी घार. तित्तर आधी ऐकू येतो, दिसतो क्वचित. मोर आहेतच. जूनच्या सुरुवातीला, वळीव होऊन पावसाळी ढग जमायला लागले की चातक ओरडत येतो, आणि झाडी दाट असेल तिथं नवरंगाची दोन सुरांची शीळ पहाटे आणि तिन्हीसांजेला ऐकू येते. त्या शिळेसाठी मी थंडीतली सगळी बदकं सोडून देईन. पण शीळ ऐकून पक्षी दिसेलच असं नाही. तो जमिनीवर पाचोळ्यात चालत असतो आणि तुम्ही फांद्या धुंडाळत राहता.

टेकडी म्हणजे कानाची शाळा, आणि कान फसतात. एकदा टेकडीवरच्या खाणीच्या वरच्या अंगाला शिक्रा या शिकारी पक्ष्याची ती दोन झटक्यांची हाक ऐकली. आवाजावरून पक्षी सुचवणाऱ्या फोनवरच्या मर्लिन ॲपनंही शिक्राच दाखवला. मी वहीत वेळेसकट 'शिक्रा' लिहून मोकळा झालो. जरा पुढं गेलो, तर निष्पर्ण फांदीवर कोतवाल बसलेला, दुभंगलेली शेपूट खाली सोडून, आणि तीच हाक त्याच्या चोचीतून. कोतवाल शिक्र्याची नक्कल हुबेहूब करतो हे वाचून माहीत होतं, तरी गंडलो. तेव्हापासून नुसत्या आवाजावर लिहायचं असेल तर नावापुढं प्रश्नचिन्ह टाकतो. ॲप जे नाव सुचवतं तो अंदाज असतो. पक्षी बघूनच वहीत पक्का करावा.

टेकडीची अडचण माणसांची आहे. मुख्य वाटेवर सहा ते आठ या वेळात फिरणाऱ्यांची रांग असते, कुणाच्या खिशात भजनं, कुणाच्या बातम्या. पन्नास पावलं बाजूला सरकलं की शांतता मिळते, पण फार आडबाजूला एकट्यानं जाऊ नये, विशेषतः अंधार असताना किंवा गळ्यात महागडा कॅमेरा असताना. बायकांनी दोघीतिघींनी मिळून जाणं बरं. हे सांगावं लागतं याचा राग येतो, तरी सांगतो.

पाषाण तलाव

याबद्दल थोडकंच. एके काळी थंडीत इथं बदकं बघायला लोक मुद्दाम यायचे. रामनदीतून येणारं सांडपाणी आणि त्यावर पोसलेली जलपर्णी यांनी तलावाची रया घालवली. जलपर्णी काढलेली असेल तेव्हा पाणी दिसतं, नसेल तेव्हा हिरवं मैदान.

तरी दोन प्रसंगांत मी पाषाणच सुचवीन. बरोबर लहान मूल किंवा गुडघेदुखी असलेलं माणूस असेल तर, कारण काठानं सपाट वाट आहे आणि अर्ध्या तासात परतता येतं. आणि पानांवर चालणारे पक्षी बघायचे असतील तर. लांब बोटांचा कमळपक्षी त्या जलपर्णीवरूनच तुरुतुरु धावतो, जांभळी पाणकोंबडी देठ पायात धरून सोलून खाते. मोकळं पाणी असेल तिथं वारकरी तरंगत असतात: काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा. मुलांना हे नाव एकदा सांगितलं की पुन्हा सांगावं लागत नाही. पाण्याच्या काठी कापूर किंवा ओडोमॉस विसरू नका.

आणि दोन मोठी नावं: सिंहगड आणि भिगवण

सिंहगडाच्या पायथ्याची दरी छायाचित्रांमुळे फार गाजली. पक्षी आहेत यात वाद नाही: स्वर्गीय नर्तक, शीळकरी कस्तुर, नाचण, तुरेवाला युवराज, थंडीतले नाना माशीमार. पण ही पुन्हा झाडीतली मंडळी, दीड सेकंदवाली. त्यात रविवारी गडावर जाणाऱ्यांच्या गाड्या आणि एकाच फांदीकडे रोखलेल्या दहा लेन्स. काही जण फोनवर पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावतात. विणीच्या दिवसांत तो बिचारा घरटं सोडून नसलेल्या प्रतिस्पर्ध्याशी भांडायला येतो. असं करू नका, आणि शेजारचा करत असेल तर नम्रपणे बोला. आधी टेकडीवर एक वर्ष कान तयार करा, मग दरीत जा, तेही आठवड्यातल्या कामाच्या दिवशी. तेव्हाची मजा वेगळीच आहे.

भिगवण पुण्यापासून साधारण १०० किलोमीटर. भीमेवरच्या उजनी धरणाचा फुगवटा, कुंभारगाव आणि डिकसळच्या काठावरून मच्छीमारांच्या होड्या. रोहित, चित्रबलाक, हिमालय ओलांडून येणारे पट्टकादंब. देखावा असा की पहिल्यांदा बघणारा बोलायचाच थांबतो. पण आपलं आपण बघणं इथं अर्धंच होतं. होडीवाला दादा बोट दाखवतो, नाव सांगतो, तुम्ही मान डोलावता. त्यात गैर काही नाही, त्यांची नजर आपल्यापेक्षा शंभरपट तयार असते. फक्त स्वतः ओळखल्याचं समाधान मिळत नाही, आणि पहिल्याच दिवशी हजारभर पक्षी एकदम बघितले की एकही नीट बघितला जात नाही. शिवाय रोहित पाण्याच्या पातळीवर अवलंबून असतात. पाणी ओसरून उथळ दलदल उघडी पडली की ते जास्त येतात, म्हणजे उशिरा जाण्यात तोटा नाही.

दुर्बिणीचं एक सांगायचं राहिलं. दुकानदार १० × ५० (दहापट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ५० मिलिमीटरचं) गळ्यात मारायला बघतात, जास्त जवळ दिसतं म्हणून. कवडी पाटावर ते खरं आहे. टेकडीवर मात्र ती जड दुर्बीण हातात हलते आणि दृश्य अरुंद होतं, झाडीत पक्षी सापडतच नाही. दोन्हीकडे चालायची असेल तर ८ × ४२ घ्या. दाजींची तीच आहे, योगायोगानं.

तर ठरवायचं असं. डिसेंबर-जानेवारीचे चार-पाच रविवार कवडी पाटाला द्या, वास सोसा, तीस-चाळीस पक्षी चेहऱ्यानिशी ओळखीचे होतील. त्याच काळात जवळच्या टेकडीवर आठवड्यातून दोन-तीन सकाळी दुर्बिणीशिवायसुद्धा जा, नुसतं ऐकायला. हडपसर-मांजरीकडच्यांना तर विचार करायचीही गरज नाही, कवडी त्यांच्या अंगणात आहे. बाणेर-सूसकडच्यांनी पाषाणला एक चक्कर मारून पाणी दिसतंय का बघावं, नसेल तर टेकडीची पाषाणकडची बाजू धरावी. गाडी नसेल तर टेकडीच, दुसरं काही नाही. पहाटे बस बदलत कवडीला पोचेपर्यंत ऊन चढलेलं असतं. आणि गटाचा अनुभव घ्यायचाच असेल तर दर वर्षी ५ ते १२ नोव्हेंबर राज्यभर पक्षी सप्ताह असतो, तेव्हा ठिकठिकाणी फेऱ्या निघतात.

दाजींच्या वहीत या घडीला ४१ नावं आहेत, त्यांतल्या तिनांपुढं प्रश्नचिन्ह. भिगवणला फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी जायचं ठरलंय. पहाटे चारला निघणार, गाडी माझी, डबा ताईचा.