स्ट्रीटकम्प्लीट: नेरुळच्या सेक्टरांमध्ये फिरत वापरलेलं नकाशाचं ॲप

फोनवर नवीन ॲप टाकून बघायचा मला नादच आहे, त्यातली बरीचशी थोड्याच दिवसांत काढूनही टाकतो, पण स्ट्रीटकम्प्लीट मात्र पहिल्या स्क्रीनवर येऊन बसलंय आणि तिथून हललेलं नाही. मराठीत याबद्दल कोणी लिहिलेलं माझ्या तरी वाचनात नाही म्हणून म्हटलं आपणच लिहावं.

काम अगदी साधं आहे. ॲप उघडलं की तुम्ही उभे आहात तिथला नकाशा येतो आणि त्यावर रंगीबेरंगी पिना टोचलेल्या दिसतात. पिनेवर बोट ठेवलं की खालून एक प्रश्न वर येतो. हा रस्ता डांबरी आहे, काँक्रीटचा आहे की पेव्हर ब्लॉकचा? या बसस्टॉपला छप्पर आहे का? बाकड्याला टेकायला पाठ आहे का? रस्ता ओलांडायच्या जागेवर सिग्नल आहे की नुसते पट्टे? बऱ्याच प्रश्नांना उत्तराचे फोटोच समोर असतात, समोर बघायचं, जुळणाऱ्या फोटोवर टच करायचं, ओके दाबायचं, संपलं. नकाशाशास्त्र वगैरे काहीच माहीत असायची गरज नाही आणि मला हेच सगळ्यात जास्त आवडतं, की जे प्रश्न तिथे उभं राहून नुसत्या डोळ्यांनी सोडवता येतील तेवढेच ॲप विचारतं. तुम्ही लांबून, घरी सोफ्यावर बसून उत्तर द्यायला गेलात तर ते मधेच थांबवून विचारतं की खरंच जागेवर जाऊन बघितलंय ना.

ही उत्तरं जातात ओपनस्ट्रीटमॅपमध्ये. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा नकाशा 2004 साली इंग्लंडमध्ये स्टीव्ह कोस्टने सुरू केला, विकिपीडियासारखा कोणीही त्यात भर घालू शकतो आणि त्यातला डेटा कोणीही फुकट वापरू शकतो, फक्त श्रेय द्यावं लागतं आणि त्यातून नवा डेटा तयार करून वाटला तर तोही तसाच खुला ठेवावा लागतो. पोकेमॉन गो गेममधला नकाशा 2017 च्या डिसेंबरपासून यावरूनच येतो. ऑरगॅनिक मॅप्स, ओस्मअँड अशी इंटरनेटशिवाय चालणारी नकाशाची ॲपं यावरच उभी आहेत. 2010 च्या हैतीच्या भूकंपात जगभरातल्या लोकांनी घरी बसून उपग्रहाचे फोटो बघत तिथले रस्ते याच नकाशात काढले होते आणि मदतीला गेलेल्या पथकांनी ते वापरले. म्हणजे आपण नेरुळमधल्या सारसोळेच्या बसस्टॉपचं उत्तर देतो ते एका कंपनीच्या गोदामात जाऊन पडत नाही, ते सगळ्यांचं होतं, आणि मला मनापासून वाटतं की आपल्या गावाचा नकाशा असाच सगळ्यांचा असला पाहिजे.

ॲप बनवलंय जर्मनीतल्या टोबियास झ्विक या डेव्हलपरने, 2017 पासून चालू आहे, कोड खुला आहे, जाहिरात नाही, पैसे नाहीत. प्ले स्टोअरवर आहे आणि एफ-ड्रॉइड या खुल्या कोडच्या ॲपांच्या स्टोअरवरही.

आता नेरुळमध्ये हे चालतं कसं ते सांगतो कारण खरी मजा तिथे आहे. आपल्याकडे सिडको या सरकारी कंपनीने नवी मुंबई आखली तेव्हा नोड (म्हणजे नेरुळसारखं उपनगर), सेक्टर, प्लॉट अशी पद्धत ठेवली, त्यामुळे पत्ता म्हणजे प्लॉट नंबर, सोसायटीचं नाव, सेक्टर. रस्त्याचं नाव पत्त्यात क्वचितच येतं. आणि ॲप घडलंय युरोपात, तिथे प्रत्येक गल्लीला नाव आणि प्रत्येक घराला त्या गल्लीतला नंबर. त्यामुळे या रस्त्याचं नाव काय हा प्रश्न आतल्या रस्त्यांवर सारखा येतो. घाबरायचं नाही, इतर उत्तरांमध्ये रस्त्याला नाव नाही हा पर्याय आहे, तो द्यायचा. घर नंबरच्या प्रश्नातही नंबराऐवजी इमारतीचं नाव देता येतं आणि रस्त्याच्या जागी वस्तीचं नाव टाकता येतं, म्हणजे आपला सेक्टर तिथे बसतो. पण प्लॉट नंबर नक्की कुठे भरायचा याचं सरळ उत्तर ॲपमध्ये नाही, आणि नवी मुंबईकरासाठी ही यातली सगळ्यात मोठी उणीव आहे असं माझं मत. आपल्याकडच्या मॅपिंग करणाऱ्यांनी एकत्र बसून एकच पद्धत ठरवली पाहिजे, नाहीतर एका सेक्टरात एक तऱ्हा आणि शेजारच्या सेक्टरात दुसरीच असं होणार.

मजल्यांचा प्रश्न तर फार इंटरेस्टिंग आहे. इमारतीला किती मजले असं ॲप विचारतं आणि ओपनस्ट्रीटमॅपच्या हिशोबात तळमजला धरायचा असतो. आपण बोलताना म्हणतो जी प्लस सात, बिल्डरच्या बोर्डावरही तेच, पण इथे ते आठ होतात. त्यात आपल्याकडे खाली स्टिल्ट पार्किंग (खांबांवर उभ्या इमारतीखालची गाड्यांची जागा), पाम बीच रोडकडच्या टॉवरना तर पोडियमचे, म्हणजे टॉवरखालच्या रुंद चौथऱ्याचे, दोनतीन मजले, त्यात माणसं राहत नाहीत म्हणून बरेच जण ते सोडून देतात, पण नियम आहे जमिनीच्या वर दिसणारे मजले मोजायचे, म्हणून स्टिल्टही धरायचा. सिडकोच्या जुन्या बिनलिफ्टच्या बिल्डिंगांना हे सोपं जातं, एका नजरेत मोजून होतं. टॉवरला मान मोडेपर्यंत वर बघत उभं राहावं लागतं आणि वॉचमन येऊन विचारतो काय पाहिजे, तेव्हा फोन दाखवून सरळ सांगायचं, माझ्या अनुभवात लोक ऐकून घेतात आणि उलट दोन गोष्टी जास्तच सांगतात, कुठलं गेट कायम बंद असतं आणि कुठलं उघडं वगैरे.

गेटचं बोलायचं तर एका डिलिव्हरी ॲपवाल्यांचा मुलगा आमच्या सोसायटीच्या मागच्या, कायम कुलूप असलेल्या गेटवर जाऊन फोन करायचा, आणि त्यांच्या नकाशातली ती चुकीची खूण बदलायला मला कुठेच जागा सापडली नाही, तक्रार टाकली तर छापील उत्तर आलं. इथे तसं नाही. चुकीचं दिसलं की तुम्हीच दुरुस्त करता, आणि प्रश्नात बसणार नाही असं काही असेल तर फोटोसकट एक नोट टाकून ठेवता येते, ती दुसरा कोणी मॅपर बघतो आणि नकाशात उतरवतो.

दुकानांच्या वेळांचा प्रश्न आपल्याला फार उपयोगाचा आहे कारण आपल्याकडची कितीतरी दुकानं दुपारी बंद असतात. सकाळी 9 ते 1 आणि मग 4 ते 9 असं एका दिवसात दोन तुकड्यांत भरता येतं, साप्ताहिक सुट्टी वेगळी देता येते. खानावळीत शाकाहारी मिळतं का यावरही फक्त शाकाहारी, शाकाहारीही मिळतं, मिळत नाही असे वेगवेगळे पर्याय आहेत. सोमवारी, चतुर्थीला किंवा श्रावणात बाहेर पडलेल्या माणसाला याचा किती उपयोग आहे ते वेगळं सांगायला नको, आपली प्युअर व्हेजची पाटी इथे बरोबर बसते.

पण माझा सगळ्यात जिव्हाळ्याचा प्रश्न व्हीलचेअरचा. या दुकानात, या दवाखान्यात, या बँकेत व्हीलचेअर जाते का, पूर्ण जाते, थोडीफार जाते की जातच नाही. हीच माहिती व्हीलमॅप नावाची जर्मन साइट नकाशावर हिरव्या, पिवळ्या, लाल रंगात दाखवते. आमच्या सेक्टरातल्या ओळीतली दुकानं भरत गेलो तेव्हा कळलं की जवळपास प्रत्येक ठिकाणी दोन पायऱ्या आहेत, आणि या दुकानांत मी लहानपणापासून जातोय तरी त्या पायऱ्या कधी डोळ्यांत भरल्या नव्हत्या. आजी वॉकर घेऊन चालायला लागल्यापासून आमच्या घरात कुठे जायचं हे पायऱ्यांवर ठरतं, त्यामुळे ही उत्तरं मी अगदी वाकून, उंबऱ्याची उंची बघून देतो.

गावठाणात नकाशा अजून विरळ आहे. सारसोळे, शिरवणे, करावे इथल्या आतल्या बोळांतून फिरलं तर फोनवर पिना कमी आणि प्रत्यक्षात घरं दाटीची, कारण जे नकाशात काढलेलंच नाही त्यावर प्रश्न कुठून येणार. नवा रस्ता किंवा इमारत काढायची तर ब्राउझरमधला आयडी (iD) नावाचा ओपनस्ट्रीटमॅपचा एडिटर घ्यावा लागतो, ते स्ट्रीटकम्प्लीटचं काम नाही. दुकानं मात्र ॲपमधूनच नव्याने टाकता येतात, त्यासाठी ओव्हरले नावाचा भाग आहे, आधी जरा गोंधळायला होतं पण एकदा हात बसला की सुटसुटीत आहे.

दोघंतिघं मिळून फिरत असाल तर टीम मोड चालू करा, प्रश्न सगळ्यांत वाटले जातात आणि एकाच पिनेवर दोघांचं बोट पडत नाही. वंडर्स पार्कच्या बाजूला मी आणि माझी चुलतबहीण असे फिरलो होतो, ती स्टार मोजत होती, प्रत्येक उत्तराला स्टार मिळतो ना, आणि मला रात्री घरी आल्यावरही अजून थोडं बाकी राहिलं असं वाटत होतं.

सुरुवात करणाऱ्यांसाठी दोनतीन गोष्टी. निघायच्या आधी वायफायवर आपला भाग डाउनलोड करून घ्या, मग नेट नसलं तरी चालतं, उत्तरं फोनमध्ये साठतात आणि नंतर वर जातात. जीपीएस आणि स्क्रीन दोन्ही चालू राहतात म्हणून पॉवर बँक जवळ असू द्या. सेटिंगमध्ये जाऊन घर नंबर आणि रस्त्याचं नाव हे प्रश्न पहिल्यांदा बंद ठेवा, रस्त्याचा पृष्ठभाग, बसस्टॉप, दुकानाच्या वेळा एवढेच चालू ठेवा, म्हणजे वैताग येणार नाही. आयफोनवाल्यांनी एव्हरी डोअर बघा, ते वेगळ्या माणसाचं वेगळं ॲप आहे पण दुकानं भरायला छान आहे. आणि ओपनस्ट्रीटमॅपचं खातं उघडताना खरं नाव न देता टोपणनाव घ्या, कारण कोणी, कधी, कुठे बदल केला हे तिथे सगळ्यांना दिसतं आणि आपण साहजिकच घराजवळूनच सुरुवात करतो.