यूएसबी कॅसेट कन्व्हर्टर: आईच्या कॅसेटी उतरवून घेतानाचा अनुभव

हे मशीन मी मे महिन्यात ऑनलाइन मागवलं. तीन हजारांच्या आत मिळालं. तेव्हापासून ते एकाच कामाला जुंपलंय, आईच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून घेण्याच्या.

आई गेल्या वर्षी कार्तिकात गेली. तिच्या कपाटात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा निघाला आणि त्यात तिच्याच आवाजाच्या कॅसेटी. ऐंशीच्या दशकात मामा मस्कतला होते. ट्रंक कॉल परवडायचा नाही आणि पत्रात आईचं भागायचं नाही, म्हणून ती टू-इन-वनसमोर बसून कॅसेट भरायची आणि तिकडे जाणाऱ्या कुणाच्याही हाती देऊन पाठवायची. मामांनी परत येताना सगळ्या जपून आणल्या. प्रत्येकीवर आईच्या ठसठशीत अक्षरात तारीख आणि खाली लिहिलेलं: "पुसू नये. पुसल्यास माझ्याशी गाठ आहे."

म्हणून पहिली सूचना. तुमच्या मशीनला रेकॉर्डचं बटण असेल, तर कॅसेटच्या पाठीमागच्या कडेवरच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या खिट्ट्या आधी तोडा. त्या तुटल्या की त्या कॅसेटवर चुकूनही नवं काही भरलं जात नाही. एवढं करूनच मी पुढच्या कामाला हात घातला.

मशीन हाताच्या पंजाएवढं, अंगाने हलकं, प्लास्टिक साधं. पेनड्राइव्ह लावून थेट एमपी३ करायची सोय आहे, पण मी ती वापरत नाही. मध्ये शांतता आली की हे मशीन फाईल तोडतं, आणि आई दम घ्यायला थांबली की वाक्याचे दोन तुकडे होतात. त्यापेक्षा वायर कॉम्प्युटरला जोडायची, ऑडॅसिटी हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम उघडायचा आणि एक बाजू सलग भरू द्यायची. घरच्या टेपवर भरलेलं बहुतेक मोनो, म्हणजे एकाच वाहिनीचं असतं, त्यामुळे मोनोच ठेवावं. १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झच्या वेव्ह फाईलला मिनिटाला पाच एमबीच्या आसपास जागा लागते, म्हणजे नव्वद मिनिटांची अख्खी कॅसेट पाचशे एमबीच्या आत बसते. आजच्या काळात ही जागा काहीच नाही. वाचवायच्या फंदात पडू नका.

आता दोष. मोटर स्वस्तातली आहे, वेग जरा डुलतो. बोलण्यात ते खपून जातं, पण आई गायला लागली की लांबवलेला सूर थरथरतो. पावसाळ्यात पट्टा ढिला पडला आणि आईचा आवाज जड, ओढल्यासारखा येऊ लागला. नाशिकच्या एमजी रोडवर दोन दुकानांत नाही म्हणाले, शेवटी भद्रकालीतल्या एका जुन्या रेडिओ दुरुस्तीवाल्यांनी बसेल असा पट्टा शोधून दिला. हेड म्हणजे फितीवरचा आवाज वाचणारा भाग, त्याच्या बाजूला एक बारीक स्क्रू असतो. तो अगदी केसभर फिरवला की दबलेला आवाज मोकळा होतो, कारण हेडचा कोन भरतानाच्या कोनाशी जुळतो. हे प्रत्येक कॅसेटला थोडंफार करावंच लागतं. हेड मेडिकलमधून आणलेल्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने, कानाच्या काडीने पुसायचं.

काही कॅसेटींत फितीला मागून दाबणारी फेल्टची गादी निखळून पडली होती. गोंद वाळतो, त्याला इलाज नाही. भजनांच्या एका बाद कॅसेटचे स्क्रू खोलून तिची गादी आईच्या कॅसेटला लावली आणि पुटपुट होती तिथे स्वच्छ शब्द आले: "बाबू, ऐक, गंगेला पूर आलाय." बाबू म्हणजे मामा, आणि गंगा म्हणजे आमची गोदावरी.

ही कॅसेट मी पुन्हा पुन्हा ऐकली आहे. बाहेर पाऊस कोसळतोय. आजोबा विचारतात, "ह्या पावसात कुठे निघालीस?" आई म्हणते, "मारुतीला विचारून येते, किती पाणी आहे ते." आपल्याकडे पूर नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या उंच मूर्तीवरच मोजतात, कमरेला लागलं, छातीला लागलं, गळ्याशी आलं. टेप तशीच चालू ठेवून ती वाड्याबाहेर पडली. बराच वेळ फक्त पाऊस, पन्हाळीचं पाणी आणि आजोबांचं खाकरणं. मग दार वाजतं, आणि धापा टाकत आई थेट माइकपाशी येऊन सांगते, "छातीला लागलंय! आणि बाबू, तुला म्हणून सांगते, पोलीस मला मागे हो म्हणाला. मी म्हटलं, माझं माहेर पंचवटीतलं, सासर पंचवटीतलं, मागे होऊन जाऊ कुठे?"

म्हणूनच एक गोष्ट कळकळीने सांगतो. ऑडॅसिटीत नॉइज रिडक्शन म्हणून सोय आहे. पार्श्वभूमीची घरघर तिने जाते. मी एका प्रतीवर करून पाहिलं आणि ती प्रत काढून टाकली. जुन्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाज आपोआप वरखाली करणारी यंत्रणा असायची. जवळ कुणी बोलत असलं की बाकीचं दबायचं, आणि बोलणारा थांबला की खोलीतलं सगळं हळूहळू वर यायचं. त्यामुळे आई थांबते तिथे घर ऐकू येतं. कुकरची शिट्टी, चौकातल्या नळाखाली वाजणारी कळशी, दाराशी आलेला दूधवाला. त्याला तिने तिथूनच झापलंय, "गंगेचं पाणी मला फुकट मिळतं, त्याचे पैसे तुला का देऊ?" आवाज साफ केला की आई उरते, पण रिकाम्या खोलीत बसून बोलल्यासारखी. ती तशी कधीच नव्हती, तिच्याभोवती कायम चार माणसं असायची. साफ करायचंच असेल तर वेगळ्या प्रतीवर करा, मूळ फाईलला हात लावू नका.

पातळ फितीच्या नव्वद मिनिटांच्या कॅसेटींत अजून एक गोष्ट आढळते. वर्षानुवर्षं गुंडाळून राहिल्यावर एका वेढ्यावरचं चुंबकत्व शेजारच्या वेढ्यावर पुसटसं उमटतं. त्यामुळे आई बोलायला सुरुवात करते, त्याच्या दोनेक सेकंद आधी तेच शब्द अगदी बारीक ऐकू येतात. तांत्रिकदृष्ट्या हा दोषच. मी हेडफोन लावून त्याची वाट पाहतो.

रंगपंचमीची कॅसेट मात्र फसली आहे. शनि चौकातली रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जुना हौद, उघडलेली, आई टेप घेऊन तिथे उभी, आणि कुणी उडी मारली, धप्पा पडला की गर्दीचा असा आरडाओरडा की आवाज फाटतो. ते भरतानाच फाटलंय, कुठलंही मशीन ते जोडू शकणार नाही. त्या गोंधळातून आईचं "अजून एक, अजून एक!" तेवढं कळतं.

नंतरच्या कॅसेटी माझ्या मुलीसाठी भरलेल्या आहेत. आम्ही पुण्याला राहायला गेल्यावर आजी तिच्यासाठी गोष्टी भरून ठेवायची. एकीत मुलगी शेजारीच बसली आहे आणि अडवते, "आजी, मागच्या वेळी मगर नव्हती, वाघ होता." आई क्षणभरही अडखळत नाही, "वाघ रजेवर आहे. मगर बदलीवर आलीये." जन्मभर नगरपालिकेच्या शाळेत शिकवल्याचा परिणाम. मुलगी आता नोकरी करते, तिला ती फाईल पाठवली तर ऑफिसातून रडत-हसत फोन आला. मामांना आता दूरचं नीट ऐकू येत नाही, पण हेडफोन दिला की ते आईला उत्तरं देतात, मोठ्याने, मस्कतला असल्यासारखी.

बुरशी लागलेल्या कॅसेटींचं अजून बाकी आहे. ओलसर वाड्यात फितीच्या कडेला पांढरी पूड धरते. अशी कॅसेट मशीनमध्ये घालू नका. ती पूड हेडला आणि रबराच्या चाकाला चिकटते आणि पुढच्या चांगल्या कॅसेटीलाही लागते. त्या मी वेगळ्या पिशवीत कोरड्या जागी ठेवल्या आहेत आणि हे काम जाणणाऱ्या माणसाकडेच देणार आहे. चांगल्या दिसणाऱ्या कॅसेटीसुद्धा आधी एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवून घ्या, चिकटलेले वेढे सुटतात.

गाण्यांच्या मैफिली उतरवायच्या असतील तर हे मशीन घेऊ नका. दुरुस्त केलेला जुना चांगला डेक शोधा. घरच्या माणसांचं बोलणं असेल तर खुशाल घ्या, एक जादा पट्टा आत्ताच आणून ठेवा, आणि तयार फाईली निदान दोन वेगळ्या घरांत ठेवा. आमची एक प्रत नाशिकला आहे, एक मुलीकडे पुण्याला.