समुद्रतळाचा उठावाचा नकाशा : साचा उत्तम, पुस्तिका तोकडी

नाशिकच्या महात्मा गांधी रस्त्यावरील शालेय साहित्याच्या एका दुकानातून आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या भूगोल विभागासाठी जगाच्या समुद्रतळाचा उठावाचा नकाशा घेतला. किंमत १८५० रुपये, सोबत बारा पानांची मराठी पुस्तिका. प्लास्टिकच्या पत्र्यावर साच्याने उठाव काढलेला असून खोलीचे प्रमाण आडव्या अंतराच्या मानाने बरेच वाढवलेले आहे, आणि ते तसे वाढवले नसते तर बोटाला काहीच लागले नसते. सीमावर्ती समुद्र, म्हणजे खंडाची कड आणि बेटांची रांग यांच्यामधले समुद्र, शिकवण्यासाठी याहून उपयुक्त साधन या किमतीत माझ्या पाहण्यात नाही. पुस्तिकेबद्दल मात्र हे म्हणता येणार नाही.

नकाशाचे खरे बळ पश्चिम पॅसिफिकमध्ये आहे. महासागराच्या सपाट तळावरून बोट पश्चिमेकडे सरकवत नेले की ते आधी जपानच्या गर्तेत उतरते, मग होन्शू बेटावर चढते आणि पलीकडे पुन्हा एका खोल खळग्यात जाते. हा खळगा म्हणजे जपानचा समुद्र. खंडाला लागून असल्यामुळे तो उथळ असेल, अशी विद्यार्थ्यांची समजूत असते. प्रत्यक्षात त्याची कमाल खोली ३७०० मीटरच्या आसपास आहे. समुद्रबूड जमीन, म्हणजे खंडाची पाण्याखालची उथळ कड, आणि स्वतंत्र खळगा यांतला फरक इथे हाताला कळतो. बेरिंग, ओखोत्स्क, दक्षिण चीन हे समुद्रही नीट उठले आहेत. इटलीजवळच्या टिरेनियन समुद्रात तर मार्सिली या सागरी ज्वालामुखीचा फोडही दिसतो, जो तळापासून सुमारे ३००० मीटर उंच आहे.

पुस्तिका नेमकी इथेच घसरते. दोन भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या बाहेरच्या कठीण थराचे तुकडे, एकमेकांकडे सरकतात, एक खाली जातो, वरचा दाबला जातो आणि त्या दाबामुळे ‘मागे समुद्र तयार होतो’, एवढ्यावर तिने विषय मिटवला आहे. दाबामुळे जमीन उचलली जाईल. ती फाटून समुद्र कसा होईल, हा प्रश्न अकरावीच्या मुलीने पहिल्याच तासाला विचारला आणि पुस्तिकेत त्याला उत्तर नव्हते. उत्तर खाली जाणाऱ्या पट्टात आहे. जुना, थंड आणि जड झालेला सागरी पट्ट केवळ ढकलला जात नाही, तर स्वतःच्या वजनाने प्रावरणात, म्हणजे कवचाखालच्या खडकाच्या जाड थरात, बुडतो. त्यामुळे त्याच्या वाकण्याची जागा, म्हणजे गर्ता, हळूहळू महासागराकडे मागे हटते, आणि वरच्या पट्टाची कड तिच्यामागोमाग ओढली जाते. बेटांची कमान पुढे जाते, मागचे कवच ताणून पातळ होते, फाटते आणि त्या फटीत नवा बेसाल्ट भरून समुद्रतळ तयार होतो. मेरियाना बेटांच्या मागे हे आजही चालू आहे. ओकिनावाच्या मागचा खळगा मात्र अजून कवच ताणण्याच्याच टप्प्यावर आहे. पट्ट एकमेकांजवळ येत असताना कडेला ताण निर्माण होणे हीच या विषयाची गंमत, आणि बारा पानांत तिला एक परिच्छेदही मिळू नये, याचे आश्चर्य वाटते.

जपानचा समुद्र सुमारे अडीच ते दीड कोटी वर्षांपूर्वी उघडला. आमच्या नाशिकजवळच्या अंजनेरी-ब्रह्मगिरीचा कातळ सुमारे साडेसहा कोटी वर्षांचा आहे. म्हणजे तो थंड होऊन चार कोटी वर्षे लोटली, तरी जपान आशियाच्या भूमीला चिकटलेलाच होता, हे सांगितल्यावर वर्गाला काळाचा अंदाज येतो. उघडताना नैर्ऋत्य जपान घड्याळाच्या दिशेने आणि ईशान्य जपान उलट दिशेने फिरला. पुढे ताण संपून दाब सुरू झाला आणि ज्या विभंगांवर, म्हणजे खडकातल्या भेगांवर, कवच खाली घसरले होते, त्यांतल्या काहींवर ते आता वर ढकलले जात आहे. जपानच्या समुद्राच्या या पूर्व कडेवरच २६ मे १९८३ रोजी मोठा भूकंप होऊन आलेल्या त्सुनामीत सहलीला आलेली शाळकरी मुलेही दगावली. पुस्तिकेत हे खळगे जणू एकदा तयार होऊन कायमचे थांबल्यासारखे रंगवले आहेत.

आमच्या प्रतीत एक दोष छपाईचाही निघाला. बंगालच्या उपसागराच्या पूर्वेला शाई साच्यापासून सुमारे दोन मिलिमीटर पश्चिमेला सरकली आहे, त्यामुळे अंदमानची हिरवी बेटे गर्तेच्या उतारावर लटकतात आणि बॅरन या ज्वालामुखी बेटाचा लाल ठिपका भलत्याच ठिकाणी पडतो. आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा सीमावर्ती समुद्र हाच, म्हणजे अंदमानचा समुद्र, असल्यामुळे ही चूक खटकते. तो उघडण्याची तऱ्हाही वेगळी आहे : भारतीय पट्ट इथे तिरका खाली जातो आणि वरच्या पट्टाची एक चिंचोळी पट्टी उत्तरेकडे ओढतो. म्यानमारमधला सागाइंग विभंग आणि सुमात्राचा विभंग एका रेषेत नसल्यामुळे त्यांच्यामधली जागा गेली सुमारे चाळीस लाख वर्षे फाकत आहे.

रंग टिकाऊ वाटतात, अक्षरे मागच्या बाकावरून वाचता येत नाहीत. नकाशा खिडकीसमोर टांगू नये, कारण नाशिकच्या एप्रिलच्या उन्हात पत्रा कडेने वाकू लागतो. बाजूने तिरका दिवा सोडल्यास सावल्यांमुळे खळगे अधिक उठून दिसतात. दुकानदाराने प्रत बदलून देण्याची तयारी दाखवली, पण त्याच्याकडील दुसऱ्या प्रतीतही शाई तेवढीच सरकलेली होती. घ्यायचा असल्यास पैसे देण्यापूर्वी गुंडाळी उघडून अंदमानची बेटे उठावावर बसली आहेत का, एवढे पाहून घ्यावे.