नागपूरच्या धंतोलीतलं पेट-सिटी सेंटर: स्कॅन झकास, रिपोर्टसाठी मात्र हेलपाटे

सेंटरचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण आतला स्टाफ खरंच चांगला आहे, घोळ सगळा काउंटरवरचा. लहान भावाला हॉजकिन लिम्फोमा, म्हणजे गाठींचा कॅन्सर आहे. एबीव्हीडी या चार औषधांच्या किमोच्या दोन सायकल, म्हणजे चार वेळा सलाईन झाली आणि डॉक्टरांनी पेट स्कॅन सांगितला, ज्यात साखर ओढणारा कॅन्सर चमकताना दिसतो. मला वाटलं आत्ताच काऊन, पूर्ण झाल्यावर करू ना, तर डॉक्टर म्हणाले याच स्कॅनवरून पुढच्या चार सायकलमध्ये काय द्यायचं ते ठरतं. पहिला स्कॅन इथेच केला होता म्हणून हाही इथेच, त्याच मशीनवर केला तर तुलना नीट होते म्हणे.

सकाळी 8 ची वेळ, सहा तास उपाशी, आणि नंबर लागला सव्वादहाला. औषधाची गाडी उशिरा आली. ते रेडिओअॅक्टिव्ह साखरेचं इंजेक्शन साठवून ठेवता येत नाही, दर 110 मिनिटांनी त्याचा जोर अर्धा होतो, ते समजू शकतो, पण एक फोन करून सांगायला काय जातं, पोरगा पाण्यावर बसून होता बाप्पा.

आत गेल्यावर मात्र मस्त. आधी बोटाला टोचून शुगर बघितली, 94 आली. इंजेक्शननंतर तासभर एकट्याला खुर्चीत पडून राहायचं, मोबाईल नाही, बोलणं नाही, कारण जो स्नायू हलतो तो साखर ओढतो आणि स्कॅनमध्ये चमकतो. शेजारच्या काकांच्या गालात खर्रा (तंबाखू-सुपारी) होता, चघळला की जबडा हलतो, म्हणून सिस्टरनी तो थुंकायला लावला आणि वरून चांगलंच झापलं. भावाला ब्लँकेट दिलं तेव्हा मी हसलो की नागपुरात उन्हाळ्यात ब्लँकेट, तर ती म्हणे एसीत थंडी वाजली की मानेजवळची चरबी पेटते आणि गाठीसारखीच दिसते. हे मला कुठल्याच डॉक्टरनी सांगितलं नव्हतं. घरी गेल्यावर त्या दिवशी लहान लेकरं आणि गरोदर बायकांपासून लांब राहा हेही तिनेच दोनदा बजावलं.

आता रिपोर्ट. दुसऱ्या दिवशी घेऊन डॉक्टरकडे गेलो तर त्यांनी पान उलटं-सुलटं केलं आणि परत दिलं, "यात डोव्हिल स्कोअर कुठाय?" गाठी लहान झाल्या एवढंच लिहिलेलं, जुन्या स्कॅनचा उल्लेखच नाही. डॉक्टरांनी मग समजावलं की गाठ किती लहान झाली यापेक्षा ती अजून किती साखर खाऊन राहिली ते महत्त्वाचं, कारण रोग मेला तरी मेलेली गाठ आकाराने तशीच राहू शकते. तिची चमक छातीतल्या रक्ताशी आणि लिव्हरशी ताडून 1 ते 5 आकडा देतात, तोच डोव्हिल स्कोअर. लिव्हरपेक्षा जास्त चमकली तर 4 किंवा 5, मग औषध बदलायचा विचार. 3 पर्यंत असेल तर एबीव्हीडीतलं 'बी', म्हणजे ब्लिओमायसिन, काढून टाकता येतं, 2016 मध्ये याच्यावर मोठा अभ्यास छापून आला. आणि हे औषध फुफ्फुसाला त्रास देतं, म्हणजे आकडा नाही तर निर्णयच नाही.

परत सेंटरला. जुना स्कॅन यांच्याच कॉम्प्युटरमध्ये, पण पहिल्या वेळी आडनाव आधी टाकलं आणि यावेळी नाव आधी, म्हणून सिस्टीमला ते दोन वेगळे पेशंट वाटले! काउंटरवाला म्हणे नवीन अर्ज करा. मी म्हटलं मॅडमला भेटल्याशिवाय हलत नाही. रिपोर्टवाल्या मॅडमनी मात्र दहा मिनिटांत दोन्ही स्कॅन शेजारी शेजारी लावून मला दाखवले, पहिल्यात मान आणि छाती काळीकुट्ट (या चित्रात चमक काळी दिसते), दुसऱ्यात फक्त मेंदू, हृदय आणि मूत्राशय, जे सगळ्यांचंच दिसतं. स्कोअर 2. डॉक्टरांनी चार्टवर ब्लिओमायसिनवर आडवी रेघ मारली, पण लगेच म्हणाले की हा चांगला इशारा आहे, गॅरंटी नाही, चेकअप चुकवू नका.

मशीन आणि सिस्टरला पाच स्टार, काउंटरला दीड. जुना रिपोर्ट आणि सीडी सोबत न्या, नाव आधीसारखंच टाकलं का ते स्वतः बघा, आणि रिपोर्टमध्ये स्कोअर बघितल्याशिवाय काउंटर सोडू नका. पार्किंग अजिबात नाही, ऑटोनेच जा.